सुपरचार्जरखालचा प्लास्टिकचा पाइप: पार्ट छोटा, बिल मोठं

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर', 'अॅक्च्युअली' तेवढे गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे एक पाइप. काळा, प्लास्टिकचा, वजनाला हलका. हातात धरलात तर वाटेल, वॉशिंग मशीनचा काहीतरी सुटा भाग असेल. पण हाच पाइप फुटल्यामुळे पाचशे हॉर्सपॉवरची इंजिनं कायमची बसली आहेत. आणि तो वेळेत बदलला, तर तेच इंजिन पुढे कित्येक वर्षं मजेत चालतं.

हे आत्ता का सांगतोय? कारण आपल्यातले बरेच जण सेकंड हँड गाड्यांच्या अॅपवर रात्री एक वाजता काय बघत असतात, ते मला माहितीये. नवीन एसयूव्हीच्या किमतीत आठ-दहा वर्षांची रेंज रोव्हर दिसते. जॅग्वार दिसते. फोटोत लेदर चकाचक, किलोमीटर कमी, आणि बोट 'कॉल सेलर'वर जातं. ते बटण दाबायच्या आधी हा भाग पूर्ण वाचा.

कुठलं इंजिन, कुठल्या गाड्या

आपण बोलतोय जॅग्वार लँड रोव्हरच्या सुपरचार्ज्ड पेट्रोल इंजिनांबद्दल. दोन मुख्य आहेत. पहिलं एजे१३३, म्हणजे पाच लिटरचं व्ही८. हे २००९ मध्ये आलं आणि सुपरचार्जरसकट सुरुवातीला ५१० पीएस द्यायचं, पुढे ५५० आणि त्याच्याही वर गेलं. दुसरं एजे१२६, म्हणजे त्याच व्ही८ वरून बेतलेलं तीन लिटरचं व्ही६. ते ३४० आणि ३८० पीएसमध्ये यायचं. रेंज रोव्हर, रेंज रोव्हर स्पोर्ट, जॅग्वार एक्सएफ, एक्सजे, एफ-टाइप अशा गाड्यांत ही इंजिनं बसली.

टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर हे ब्रँड २००८ मध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलर्सना घेतले, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पण ही इंजिनं बनत होती वेल्समधल्या ब्रिजेंड गावी, फोर्डच्याच कारखान्यात. तो कारखाना २०२० मध्ये बंद झाला. म्हणजे मालक मुंबईचा, गाडी इंग्लंडची आणि इंजिन वेल्सचं.

एक गोष्ट लगेच स्पष्ट करतो. भारतातल्या बऱ्याच रेंज रोव्हर आणि जॅग्वार डिझेल आहेत, काही दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल आहेत. त्यांना त्यांची स्वतःची दुखणी आहेत, पण आजची गोष्ट त्यांची नाही. म्हणून आधी आरसी बुक बघा. इंधनाच्या जागी पेट्रोल आणि क्यूबिक कपॅसिटीच्या जागी तीन हजार किंवा पाच हजारच्या आसपासचा आकडा असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

पाइप नेमका असतो कुठे

व्ही इंजिन म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगा, एकमेकींपासून तिरक्या. समोरून बघितलं तर इंग्रजी व्ही दिसतो. मधे जी दरी तयार होते तिला मेकॅनिक लोक 'व्हॅली' म्हणतात. साध्या इंजिनात तिथे इनटेक मॅनिफोल्ड वगैरे असतं. या इंजिनात तिथे सुपरचार्जर बसवलाय.

सुपरचार्जर म्हणजे काय, थोडक्यात. आत दोन पिळदार रोटर एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. त्यांना फिरवतो एक पट्टा, थेट क्रँकशाफ्टवरून. टर्बो चालतो एक्झॉस्टच्या धुरावर, हा चालतो पट्ट्यावर. म्हणून पाय दाबला की क्षणात जोर मिळतो आणि तो सुप्रसिद्ध शिट्टीसारखा आवाज येतो. हवा दाबली की तापते, तापलेली हवा इंजिनला नको असते, म्हणून तिला थंड करायला पाण्यावर चालणारे चार्ज कूलर जोडलेले असतात. त्यांचं पाणी फिरवायला वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो.

आता कल्पना करा. खाली इंजिनचा ब्लॉक, वर सुपरचार्जरचं जड धूड, दोन्ही बाजूंना चार्ज कूलर. मधल्या चिंचोळ्या जागेत हवा खेळत नाही. आणि त्याच भागात, पुढच्या आणि मागच्या टोकाला, कूलंटचे प्लास्टिकचे पाइप आहेत. पुढचा दोन्ही बाजूंच्या हेडना जोडतो. मागचा, ज्याला हीटर मॅनिफोल्ड म्हणतात, तो इंजिनच्या पाठीमागे, सुपरचार्जर आणि केबिनची भिंत यांच्या सांदीत दडलेला.

आपल्या घरातल्या बाथरूमचा विचार करा. भिंतीत गाडलेली पाइपलाइन असते ना, कन्सील्ड प्लंबिंग? गळणारा एल्बो शंभर रुपयांचा, पण तिथवर पोचायला टाइल्स फोडाव्या लागतात, आणि मग त्याच डिझाइनच्या टाइल्स बाजारात मिळत नाहीत. इथेही तेच. पाइपची किंमत काही हजार रुपये. पण मागच्या पाइपापर्यंत पोचायला अख्खा सुपरचार्जर उतरवावा लागतो. पैसे जातात ते तिथे पोचण्याचे.

इंजिनात प्लास्टिक? वेड लागलंय का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं, की प्लास्टिक निवडण्यामागे कारणं असतात आणि ती सगळीच कंजूषपणाची नसतात. साच्यात ओतून वेडावाकडा आकार एका झटक्यात बनतो. दोन-तीन फाटे, सेन्सरची जागा, क्लिप अडकवायची खाच, सगळं एकत्र. धातूत हेच करायचं तर ओतकाम, मशिनिंग, वेल्डिंग आलं. वजन वाचतं. गंज लागत नाही. आज तुमच्या साध्या हॅचबॅकमध्येही थर्मोस्टॅटचं हाउसिंग आणि रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्याच असण्याची शक्यता खूप आहे.

आणि हे बादली-मगाचं प्लास्टिक नाही. कूलंटच्या कामाला सहसा नायलॉन ६६ वापरतात, त्यात काचेचे बारीक तंतू मिसळलेले. हे मटेरियल साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं. कूलंट असतो शंभरच्या आसपास. कागदावर भरपूर अंतर आहे. मग फुटतं का?

कारण ते वितळून मरत नाही, ठिसूळ होऊन मरतं. नायलॉनचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्या कारखान्यात जोडल्या जातात तेव्हा प्रत्येक जोडणीतून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आता त्याच नायलॉनला वर्षानुवर्षं गरम पाण्यात बुडवून ठेवा. पाणी परत आत शिरतं आणि ती जोडणी उलटी सोडवायला लागतं. साखळ्या तुटून आखूड होतात. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. कूलंटमधलं ग्लायकॉलही यात हातभार लावतं. बाहेरून पाइप तसाच काळा, तसाच गुळगुळीत. पण आधी जो वाकला असता, तो आता बिस्किटासारखा तुटतो.

रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशी क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. म्हणून सुपरचार्जरखालच्या कोंडलेल्या जागेतला पाइप आणि मोकळ्या हवेतला पाइप यांचं आयुष्य सारखं नसतं. त्यात भर म्हणजे, तुम्ही इंजिन बंद करता तेव्हा मुख्य पंप थांबतो, कूलंटचं फिरणं थांबतं, पण धातूतली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते. गाडी पार्किंगमध्ये शांत उभी असते तेव्हाच हा पाइप सगळ्यात जास्त शेकत असतो.

दुसरं कारण, सांधा. आतून पोकळ आणि वाकडा असा पाइप एका साच्यातून सहज निघत नाही. म्हणून दोन अर्धे भाग बनवून ते एकमेकांना वेल्ड केलेले असतात. पाइपाच्या कडेने जी शिवण दिसते ती तीच. काचेचे तंतू प्लास्टिकला ताकद देतात, पण ते शिवणीच्या आरपार जात नाहीत. साहजिकच तिथे तो सगळ्यात कमकुवत असतो. बरेचसे पाइप नेमके याच शिवणीवर उलतात.

तिसरं, दाब. प्रेशर कुकर आठवा. कुकरमध्ये हवेच्या दाबापेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. गाडीची कूलिंग सिस्टिम साधारण तेवढ्याच दाबावर चालते, तेही त्याच कारणासाठी: पाणी उकळू नये. म्हणजे दर वेळी गाडी तापली की पाइप आतून फुगवला जातो, थंड झाली की सैल सोडला जातो. सकाळी ऑफिस, संध्याकाळी घर. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तरी वर्षाला सातशे वेळा.

म्हणून या पाइपाच्या बाबतीत 'गाडी फक्त तीस हजार चाललीये' या वाक्याला फारसा अर्थ नाही. तीस हजार किलोमीटर बीकेसीच्या ट्रॅफिकमध्ये झालेत की हायवेला, आणि गाडी किती वर्षांची आहे, हे विचारायचं. कुकरची रिंग कशी, महिन्यातून दोनदाच कुकर लावला तरी काही वर्षांनी कडक होतेच.

फुटला तर नेमकं काय होतं

आधी बहुतेक वेळा तो फुटत नाही, झिरपतो. थेंबभर कूलंट तापलेल्या ब्लॉकवर पडतो आणि वाफ होऊन जातो. खाली फरशीवर डाग नाही. व्हॅलीत थोडं साचतं, सुकतं, चिकट किंवा पांढुरका थर राहतो. हे महिनोन् महिने चालू शकतं.

आणि मग एक दिवस शिवण उलते. कुकरचं झाकण दाब असताना उघडलं तर काय होईल? तेच इथे होतं. दाब एकदम उतरतो, १२० अंशांपर्यंत शांत राहिलेलं पाणी त्याच क्षणी उकळायला लागतं. बॉनेटमधून पांढरी वाफ, गोडसर वास आणि काही मिनिटांत सिस्टिम रिकामी.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. टेम्परेचरच्या काट्यावर विसंबू नका. दोन कारणं. एक, आजच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम 'शांत' ठेवलेला असतो. कूलंटच्या तापमानात थोडा चढ-उतार झाला तरी काटा मधेच राहतो, मालक घाबरू नये म्हणून. दोन, सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगणार. पाणीच निघून गेलं तर तो नुसत्या हवेत किंवा वाफेत लटकतो आणि खरा आकडा देत नाही. इंजिन भट्टी झालेलं असतं आणि काटा म्हणतो, सगळं ठीक.

या इंजिनाचा ब्लॉकही अॅल्युमिनियमचा आणि हेडही. अॅल्युमिनियम अति तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, कूलंट सिलिंडरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये शिरतं. अजून पुढे गेलात तर पिस्टन घासले जातात. म्हणजे काही हजारांचा पार्ट, पण दुरुस्ती लाखांत. अनेकदा लोक हिशोब करतात आणि गाडी जशी आहे तशी भंगाराच्या भावात देऊन टाकतात.

आपल्याकडे एक सवय आहे. घाटात गाडी तापली की कडेला घ्यायची, बाटलीतलं पाणी ओतायचं आणि 'पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ' म्हणायचं. कास्ट आयर्नच्या जुन्या इंजिनांनी हे लाड पुष्कळ चालवून घेतले. ही इंजिनं चालवून घेत नाहीत. त्यामुळे लक्षात ठेवा:

'कूलंट लो' असा मेसेज आला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, की सुरक्षित जागा बघून लगेच बाजूला घ्या. इंजिन बंद करा. टाकीचं झाकण उघडू नका, वाफेने चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. टो ट्रक बोलवा. 'दोन किलोमीटरवर तर घर आहे' असं मनात येईल. त्या दोन किलोमीटरची किंमत कधीकधी अख्खं इंजिन असते.

आधी ओळखायचं कसं

काही खुणा सांगतो. मोबाइलचा टॉर्च पुरे.

गार गाडीत एक्स्पान्शन टँकची पातळी बघा, मार्करने खूण करा, दोन आठवड्यांनी परत बघा. बंद सिस्टिममधलं कूलंट 'आपोआप' कमी होत नाही. कमी झालं तर ते कुठेतरी जातंय, एवढं पक्कं. 'उन्हाळ्यात थोडं कमी होतंच' असं कोणी म्हणालं तर मान हलवा आणि दुसऱ्या मेकॅनिककडे जा.

गाडी थांबवल्यावर गोडसर, सरबतासारखा वास येतो का? ग्लायकॉलचा वास तसा असतो.

इंजिनच्या पुढच्या बाजूला, पुलीच्या वर, टॉर्च मारा. शिवणींवर, होजच्या तोंडाशी पांढरा किंवा नारिंगी-गुलाबी खरपुड्यासारखा थर दिसतो का? तिथे कूलंट सुकलेलं आहे. पण सगळ्यात लांबचा पाइप डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून गार इंजिनात दाब भरतात आणि काटा उतरतो का ते बघतात. काम सोपं, वेळ थोडा. आणि गळती मागच्या बाजूला असेल तर बारीक कॅमेरा आत सोडून बघता येतं.

बदलायचं काम: गॅरेजला काय विचाराल

हे काम घरच्या पार्किंगमध्ये पान्हा घेऊन करायचं नाही. पण काय होतंय ते कळलं, तर तुम्हाला कोणी बनवू शकत नाही. क्रम साधारण असा.

इंजिन पूर्ण गार. बॅटरी काढलेली. कूलंट उतरवलेला. वरची कव्हर्स, हवेचे पाइप, थ्रॉटल बॉडी निघतात. सुपरचार्जरचा पट्टा उतरतो. चार्ज कूलरच्या होज आणि ते स्वतः मोकळे होतात. मग सुपरचार्जर उचलायचा. तो जड आहे, जागा अडचणीची आहे, दोन माणसं लागतात. पुढचा पाइप कसरत करून सुपरचार्जर न उतरवताही बदलतात. मागच्याला तो उतरवण्यावाचून इलाज नाही.

सुपरचार्जर निघाला की इनटेकची तोंडं उघडी पडतात, थेट सिलिंडरच्या दिशेने. ती लगेच टेपने किंवा स्वच्छ कापडाने बंद करायची. एक छोटा बोल्ट किंवा वॉशर आत पडला तर पाइप राहिला बाजूला, नवीनच संकट उभं राहतं. तुमच्या मेकॅनिकने तोंडं झाकलीत का, हा त्याच्या कामाची पद्धत ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग. फोटो पाठवायला सांगा.

जुना पाइप काढताना तो अनेकदा तुकड्या-तुकड्यांतच निघतो. टोक ब्लॉकच्या भोकात अडकून तुटतं. ते तुकडे नीट वेचून, व्हॅक्यूमने ओढून काढावे लागतात. नाहीतर तेच फिरत जाऊन रेडिएटर किंवा हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. मग बसायची जागा साफ करायची, जुनी खरपुडी काढायची, नवीन ओ-रिंग लावायची. आणि बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने आवळायचे. अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की दुखणं वाढतं.

एकदा उघडलंच आहे, तर...

सगळ्यात मोठी चूक कुठली? मजुरी देऊन सुपरचार्जर उतरवायचा आणि फक्त फुटलेला पाइप बदलायचा. बाकीचे पाइपही त्याच वयाचे, त्याच उष्णतेत शिजलेले. आज पुढचा गेला, सहा महिन्यांनी मागचा जाईल, आणि तुम्ही परत तीच मजुरी द्याल. टाइल्स एकदा फोडल्यात तर भिंतीतली सगळी जुनी लाइन बदलून घ्यायची, एवढं साधं गणित.

म्हणून गॅरेजला यादी द्या: पुढचा पाइप, मागचा पाइप, त्यांच्यामधल्या छोट्या होज, थर्मोस्टॅट हाउसिंगसकट, सगळ्या ओ-रिंग आणि गॅस्केट. वॉटर पंपही बघून घ्या. या इंजिनांत तोही गळण्यासाठी बदनाम आहे, आणि त्याचा इतिहास माहीत नसेल तर याच वेळी बदललेला बरा. पट्टे हातात आहेतच, तडे असतील तर नवीन टाका. सुपरचार्जरच्या पुढच्या नाकात एक कपलर असतो. तो झिजला की आयडलला खडखड आवाज येतो. टेबलावर सुपरचार्जर ठेवलेलाच असतो, तेव्हा तोही तपासा.

पार्टचं बिल थोडं वाढेल. मजुरी मात्र जवळजवळ तेवढीच राहील.

अॅल्युमिनियमचा पाइप लावू का?

हा हमखास येणारा प्रश्न. बाजारात या प्लास्टिकच्या पाइपांना अॅल्युमिनियमचे पर्याय मिळतात. इंग्लंड-अमेरिकेतले बरेच मालक तेच लावतात. फायदा उघड आहे: हायड्रॉलिसिस नाही, ठिसूळपणा नाही.

पण डोळे मिटून लावू नका. एक, पाइप धातूचा झाला तरी त्याच्या टोकाची सील रबराचीच असते, तीही म्हातारी होते. दोन, स्वस्त पाइपांत ओ-रिंगची खाच नीट कापलेली नसते, वेल्ड सच्छिद्र असतात, आतमध्ये कारखान्यातला चुरा राहिलेला असतो. असा पाइप पहिल्याच आठवड्यात झिरपेल, आणि तोही सुपरचार्जरच्या खाली. तीन, अॅल्युमिनियम गंजापासून वाचतं ते कूलंटमधल्या रसायनांमुळे. नळाचं पाणी भरत राहिलात तर धातूचा पाइपही आतून खाल्ला जाईल.

माझं मत सांगतो. गाडी अनेक वर्षं ठेवायची असेल आणि चांगल्या बनावटीचा, मोजमापात अचूक असा अॅल्युमिनियमचा पाइप मिळत असेल, तर तो लावा. तसा मिळत नसेल तर कंपनीचा नवीन प्लास्टिकचा लावा आणि तारीख लिहून ठेवा. बिनओळखीच्या बॉक्समधल्या चकचकीत पाइपापेक्षा नवा ओरिजिनल प्लास्टिक बरा. तो परत म्हातारा होणारच आहे, पण त्याचं वय तरी आपल्याला माहीत असतं.

कूलंट आणि हवा

दोन छोट्या गोष्टी, पण याच बहुतेक वेळा राहून जातात.

कूलंट रंग बघून घेऊ नका. नारिंगी, गुलाबी, हिरवा हा फक्त रंग आहे. मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन बघा. तयार मिश्रण घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात. दोन वेगळ्या जातीचे कूलंट मिसळू नका, त्यांच्यातली गंजरोधक रसायनं एकमेकांना निकामी करू शकतात. आणि 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, नुसतं पाणी चालतं' हे विसरा. कूलंट गोठू नये एवढ्यासाठीच नसतो. तो उकळबिंदू वाढवतो आणि धातूला गंजापासून वाचवतो.

दुसरं, हवा. रिकाम्या सिस्टिममध्ये वरून नुसतं ओतलं तर आत हवेचे बुडबुडे अडकतात. जिथे बुडबुडा, तिथे पाणी नाही, आणि तेवढाच भाग तापतो. चांगलं गॅरेज आधी व्हॅक्यूम पंपाने सिस्टिममधली हवा ओढून घेतं आणि मग त्याच ओढीने कूलंट आत जाऊ देतं. त्याचा एक फायदा असा, की व्हॅक्यूम टिकला नाही तर गळती आहे हे भरायच्या आधीच कळतं. कूलंट कसा भरणार, हे आधीच विचारा.

सेकंड हँड घेताना

आता रात्री एक वाजताच्या त्या बटणाकडे येऊ. विकणाऱ्याला हे विचारा: कूलंटचे पाइप बदललेत का? कधी? बिल आहे का? 'बदललेत' हे तोंडी उत्तर म्हणजे काहीच नाही. बिलावर पार्टचं नाव आणि तारीख हवी. कोणते पाइप बदलले हेही बघा, कारण अनेकदा सोपा असलेला पुढचा बदललेला असतो आणि मागचा तसाच.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार असू दे, असं आधीच सांगा. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर परत कधीतरी या. एक्स्पान्शन टँकमध्ये नेमका कालच भरल्यासारखा नवाकोरा कूलंट असेल तर कारण विचारा. प्रेशर टेस्ट आणि स्कॅन तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये करा, त्यांच्या नाही.

आणि बिल नसेल तर गाडी सोडायलाच हवी असं नाही. फक्त हे काम बाकी आहे असं धरून चाला, त्याचं कोटेशन आधी घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करा. ती वजा करून, वर वर्षभराच्या डागडुजीचे पैसे बाजूला ठेवूनही परवडत असेल, तर बिनधास्त घ्या. मस्त गाडी आहे. परवडत नसेल, तर ती तुम्हाला स्वस्त मिळत नाहीये, एवढंच समजा.

सर्व्हिस बुकात सहसा 'हा पाइप अमुक वर्षांनी बदला' अशी ओळ नसते. ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग यांच्या तारखा असतात. पाइप मात्र फुटेपर्यंत कोणाच्याच यादीत नसतो. ती ओळ आपली आपणच लिहायची. गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली आणि पाइपांचा इतिहास माहीत नसेल, तर ते फुटायची वाट न बघता बदलायचे.

तुमच्याकडे यातली गाडी नसली तरी एक काम आजच करा. खाली पार्किंगमध्ये जा, इंजिन गार असताना तुमच्या किंवा बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडा आणि कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा. दोन आठवड्यांचा रिमाइंडर लावा. रेघेखाली गेलं असेल तर मला कमेंटमध्ये गाडी, वर्ष आणि फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर गाडी जपून चालवा. भेटू.